फोटोच्या कडेला बसलेली बाई

पोटामागं चार-सहा महिने बाहेर गेलात आणि जाताना घरावरचे पत्रे उतरवून बरोबर नेलेत, तर मागं राहिलेल्या चार भिंती कुणाच्या? तुमच्या, की ज्याला ती जागा हवी आहे त्याच्या?

प्रश्न कोर्टाचा वाटेल. माझ्याकडं तो एका फोटोमुळं आला. तो फोटो मी काढला होता.

माझे अण्णा नांदेडला एका छापखान्यात खिळे जुळवायचे आणि रात्री घरी पत्रकं लिहायचे. मजुरीची, पाणवठ्याची, वसतिगृहातल्या जेवणाची. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वाटून उरलेली आई डब्यांच्या तळाशी घालायची, त्यामुळं मी अक्षरं शिकले ती ज्वारीच्या डब्यात वाकून. अण्णांचा एक नियम होता: पत्रकात काय झालं ते सांगायचं, कुणी केलं ते सांगायचं, आणि वाचणाऱ्यानं आता काय करायचं ते सांगितल्याशिवाय खाली सही करायची नाही. ते म्हणायचे, "नुसतं रडगाणं छापायला कागद लई महाग हाय." दिवाळी अंकासाठी लिहायला बसले आहे, पण हात पत्रकाचा आहे. सांभाळून घ्या, किंवा घेऊ नका.

मी लातूरला एका फोटो स्टुडिओत काम करते. मालक अजीजभाई. त्यांनी मला कामावर घेतलं ते माझ्या कलेसाठी नव्हे. लेकीसुना पुरुष फोटोग्राफरपुढं मान वर करत नव्हत्या आणि खाली घातलेल्या मानेचे फोटो गिऱ्हाईक परत आणून देत होतं, म्हणून. त्याच सुमाराला उस्मानाबादपासून तुटून लातूर वेगळा जिल्हा झाला होता आणि आमच्या धंद्याला बरकत आली होती. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं, नव्या कार्यालयांना नवे साहेब, आणि प्रत्येक साहेबाला फीत कापताना फोटो. एक साहेब फीत एकदा कापून समाधानी नव्हते. फोटोत डोळे मिटले असतील म्हणून त्यांनी फीत परत बांधायला लावली. त्याच आठवड्यात लातुरात नळाला पाणी आलं नव्हतं.

पाण्याचं सांगायलाच हवं, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की फोटो उजेडावर होतो. निम्मा होतो. उरलेला पाण्यावर. कागदावर चित्र उमटलं की ते टिकावं म्हणून हायपो नावाच्या औषधात बुडवतात, आणि मग तो हायपो कागदातून निघून जाईपर्यंत वाहत्या पाण्यात धूत राहतात. धुण्यात कंजुषी केली तर फोटो आज छान दिसतो आणि काही वर्षांनी पिवळा पडतो. दुष्काळात वाहतं पाणी आणायचं कुठून? आम्ही एकाच बादलीत फोटो खळबळायचो. ते पाणी नंतर कशाच्याच कामाचं नसायचं, ना जनावराच्या, ना झाडाच्या. बाहेर घागरींची रांग आणि आत मी फीत कापणाऱ्यांचे चेहरे धुते आहे. माझा राग तिथून सुरू झाला.

दुष्काळातलं गिऱ्हाईकही न्यारं असतं. भोकरकडचे एक पाटील मुलाला घेऊन पाव्हण्यांकडं आले होते, ते स्टुडिओत शिरले. मुलाचा फोटो काढून झाला, तरी उठेनात. मग म्हणाले, "बाई, आता आमच्या हिरीचा एक काढून द्या. पोरीचा बाप म्हणतोय, आधी हीर दावा. पाणी दिसलं पाह्यजे."

"पाणी आहे का विहिरीत?"

"आसतं तर त्यालाच न्हेऊन दावली नसती का? फोटू कशाला काढला असता?"

अजीजभाई हसून हसून खोकायला लागले. मी म्हटलं, काका, कॅमेऱ्यात मला पाणी ओतता येत नाही. पाटील भिंतीवर टांगलेल्या फोटोकडं बोट दाखवून बाणेदारपणे म्हणाले, "मग त्या मोठ्या फोटूत साहेबाच्या मागं हिरवं शेत कुठून आलं?"

ते हिरवं शेत अजीजभाईंनी भरलेलं होतं. काळ्या-पांढऱ्या फोटोवर कापसाच्या बोळ्यानं रंग चढवण्यात त्यांचा हात धरणारा मराठवाड्यात नाही. वाळलेली ज्वारी त्यांच्या बोळ्याखाली हिरवीगार होऊन पोटरीत यायची.

आता मुद्द्यावर येते.

जिल्ह्याच्या वाढदिवसाला प्रदर्शन भरवायचं ठरलं. शेतीजीवन, निसर्ग आणि जुनी पडकी स्थळं असे मोठाले फोटो हवे होते. काम आमच्या स्टुडिओला मिळालं. ते सोपवणाऱ्या साहेबांनी मला समोर बसवून सांगितलं, "दुष्काळ नको. दुष्काळ सगळ्यांना माहीत आहे. बघून प्रसन्न वाटलं पाहिजे."

मी एसटीनं, कधी दुधाच्या गाडीनं, कधी चालत फिरले. शिरूर अनंतपाळच्या बाजूला खळी सारवलेली होती पण त्यावर कणीस नव्हतं, आणि एक म्हातारा सवयीनं रिकाम्या खळ्यावरून चिमण्या हाकत होता. टँकरच्या गळक्या तोटीखाली साळुंक्या रांगेत बसत, माणसांपेक्षा शिस्तीनं. निजामाच्या वेळच्या एका चौकीत छताच्या जागी पिंपळ उभा होता. हे सगळं मी काढलं. मला प्रसन्न वाटत नव्हतं, पण काम आवडत होतं. दोन भिंगांचा तो चौकोनी कॅमेरा छातीशी धरून खाली मान घालून बघावं लागतं. समोरच्याला वाटतं ही आपल्याकडं बघत नाही, आणि तो आपल्या मूळ चेहऱ्यावर येतो.

रेणापूरच्या पुढं सडकेला लागून एक वस्ती आहे. बौद्ध घरं, दोन पिढ्यांची. प्रकरण चालू आहे म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. मी पोचले तेव्हा दुपार होती. एकाही घरावर छप्पर नव्हतं. दारं नव्हती, चौकटीची नुसती भोकं. भिंती मात्र सारवलेल्या. एका भिंतीवर निळीचा पट्टा ताजा होता. मी कॅमेरा उघडला तेवढ्यात भिंतीच्या सावलीतून आवाज आला.

"कोन हाय गं?"

"फोटो काढायला आले, मावशी."

"कुनाचा? हितं मी हाय आन् ही शेळी हाय. शेळी माझ्यापरीस देखणी हाय, तिचा काढ."

ही गयाबाई. पन्नाशीच्या अलीकडची. आदल्या साली उसात कोयता हातावर बसला, डाव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली. ज्या हातात मोळी धरवत नाही तो हात मुकादमाला नको असतो. नवरा भाऊराव ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला, ही मागं राहिली.

"घरावरचे पत्रे कुठं गेले?" मी विचारलं.

"उसाला गेले."

"पत्रे?"

"हाव. तिकडं ऱ्हायच्या कोपीवर घालाय लागतेत. हितं ठिवावं तर चोरीला जातेत. दारं बी गेली, वासे बी गेले. आमचं मानूस उसाला गेलं की घर बी उसाला जातंय, पोरी. भितीला पाय न्हाईत म्हनून ह्या ऱ्हायल्या. त्या राखून राहिले मी."

मग तिनं मला एकेक घर दाखवलं, पाहुणीला दाखवावं तसं. प्रत्येक घरात एक कोनाडा शेणामातीनं लिंपून बंद केलेला होता. आत बियाणं. परत येणारा माणूस बियाणं भिंतीत ठेवून जातो. कायमचा जाणारा कशाला ठेवेल? दळायची जाती पालथी घातलेली होती, विंचू बसू नये म्हणून. मला कुणी समजावलं नसतं तर मला फक्त पडझड दिसली असती. समजल्यावर ती वस्ती कुलूप लावलेल्या घरासारखी दिसायला लागली.

मी निळ्या पट्ट्याची भिंत चौकटीत घेतली. डाव्या कडेला सावलीत गयाबाई बसलेली होती, दुखरा हात मांडीवर घेऊन, शेळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून. तिला हल म्हटलं नाही. ती त्या फोटोची मालकीण होती.

प्रदर्शनाच्या मांडवात गेले तर तो फोटो मधोमध. माझ्या उंचीचा. ऊन कसं भिंतीवर घसरलं होतं, कोनाड्याची माती कशी दिसत होती! साहेब लोक थांबून बघत होते. खाली सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'काळाच्या उदरात: एक उठून गेलेली वस्ती.'

आणि डाव्या कडेला काही नव्हतं. गयाबाई नव्हती, शेळी नव्हती. तिच्या अलीकडंच फोटो संपला होता.

मी तशीच स्टुडिओत आले.

"अजीजभाई, गयाबाई कुठाय?"

"कौन गयाबाई?"

"फोटोच्या कडेला बसलेली."

त्यांनी चष्मा काढला. "बेटी, तू शिरूरकडं गेलती. साहेब खुद इथं येऊन उभे. म्हणले, ही बाई नको, नुसतं पडकं घर लई भारी दिसतंय. मी दिवा जरा वर केला."

"जरा?"

"जरासाच."

हे 'जरा' काय असतं ते सांगते. आमच्या धंद्यात माणूस कापायला कात्री लागत नाही. निगेटिव्हच्या वर दिवा असतो, खाली कागद. दिव्याचं डोकं वर सरकवलं की चित्र मोठं होतं आणि कडेचं सगळं कागदाच्या बाहेर पडतं. बाहेरच्या फळीवर गयाबाईची सावली त्या वेळी पडलीच असणार. तिथं कागद नव्हता, एवढंच.

मी त्या साहेबांकडं गेले. निदान खालची ओळ तरी बदला म्हटलं. ही वस्ती उठलेली नाही. ते समजुतीनं हसले. "अहो, ही कला आहे. तुम्ही कलाकार आहात, एवढं मनावर का घेता?" कला! बाईला वगळून तिची भिंत टांगायची याला आता कला म्हणायचं.

उन्हाळ्यात टोळ्या परतल्या. वस्तीवर पत्रे चढवायला माणसं शिड्या लावतात तर जमिनीवर चुन्याच्या रेघा आणि खुंट्या. सडकेलगतची ती जागा धान्याच्या गोदामासाठी धरली होती. पाण्याचा टँकर वस्तीपाशी थांबेना. ड्रायव्हर म्हणाला, "वरून सांगितलंय, ही वस्ती उठली." गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांना कुणीतरी विचारलं होतं, तिथं कुणी राहतं का? त्यांनी सांगितलं, सध्या कुणी नाही. खोटं काय बोलले? मोजून अर्धं खरं बोलले.

गयाबाई आणि भाऊराव लातूरला आले, त्या जागेचा कारभार बघणाऱ्या कार्यालयात. तिथल्या भिंतीवर माझा फोटो लावलेला होता. प्रदर्शन संपल्यावर कुणीतरी कौतुकानं नेला असणार. खुर्चीतल्या साहेबांनी बोट दाखवलं. "ही बघा तुमची वस्ती. जिल्ह्याच्या प्रदर्शनात होती. यात राहतं कोण? भुतं?"

तिथून पत्ता विचारत दोघं स्टुडिओत आले. मी दारातच होते. गयाबाईनं रामराम नाही, जयभीम नाही, सरळ विचारलं:

"पोरी, भित माझी हाय, कोनाडा माझा हाय. मला कुठं टाकलंस?"

मी फोटो कापला नव्हता. पण त्या वेळी 'मी नाही कापला' हे वाक्य फुटकळ वाटलं. मी तिला हाताला धरून आत अंधारखोलीत नेलं. अजीजभाई मागून आले. लाल दिवा लावला. निगेटिव्ह त्यांनी स्वतः चढवलं आणि दिव्याचं डोकं खाली घेतलं, इतकं खाली की निगेटिव्हची काळी चौकटसुद्धा कागदावर आली. कागद औषधात सोडला. आधी निळ्या पट्ट्याची रेघ आली, मग चौकटीचं भोक, मग कडेला एक मांडी घातलेली आकृती, मग हात, मग शेळीचे कान.

"आली गं," गयाबाई म्हणाली. "आले मी. आवं, शेळी बी आली!"

बाहेरून भाऊराव ओरडले, "मी हाय का त्यात?"

"तुमी उसात व्हता! गप बसा."

बादलीत तळाला पाणी होतं, आधीच्या फोटोंचं. अजीजभाईंनी ते ओतून दिलं. घरी निरोप पाठवला आणि पिण्याची भरलेली घागर मागवली. मी म्हटलं, अहो, घरात काय पिणार? ते म्हणाले, "ये फोटो पिवळा पडना नहीं चाहिए. नीट धू." मी नीट धुतला. अजीजभाईंबद्दलचा माझा राग तरीही गेलेला नाही, हे ते हा अंक वाचतील तेव्हा त्यांना कळेल. पण घागर त्यांची होती, हेही छापून यावं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं फोटो घेऊन कार्यालयात गेलो. साहेबांनी भिंतीवरचा आणि हातातला फोटो पाहिला. पुन्हा पाहिला. मला वाटलं आता शरमेनं मान खाली जाईल. कसली शरम!

"एक बाई म्हणजे वस्ती होत नाही," ते म्हणाले.

"मग किती बायांची व्हती, सायेब?" गयाबाईनं विचारलं. "सांगा, तितक्या बसवते."

"बाई, वाद घालू नका. छप्पर नाही, दार नाही. अशा बांधकामाला आम्ही घर कसं धरणार?"

"तुमी बदलीला जाता तवा पलंग-कपाट ठिवून जाता का? आमी बी सामान घिऊन गेलतो. आमचं सामान म्हंजे पत्रे."

साहेब शिपायाकडं बघून हसले. मग म्हणाले की तुमच्यावर अन्याय होणार नाही, प्रत्यक्ष पाहणी करू. टँकर सुरू करायला सांगतो. भाऊरावांनी हात जोडले. आम्ही जिन्यापर्यंत आलो आणि मला सुचलं म्हणून परत जाऊन विचारलं, पाहणी कधी?

"दिवाळी झाल्यावर."

दिवाळी झाल्यावर! पाऊस यंदाही तोंड दाखवून गेला आहे. दिवाळीनंतर टोळ्या जातील. पत्रे उतरतील, दारं उतरतील, वासे गाडीवर चढतील. मग जीप येईल, साहेब उतरतील, छप्पर नसलेल्या भिंती मोजतील आणि प्रामाणिकपणे लिहितील की समक्ष पाहिलं, कुणी राहत नाही. मी त्यांना म्हटलं, साहेब, तेव्हा ती माणसं उसात असतात. ते म्हणाले, "मग पाहणीसाठी थांबा म्हणावं." थांबायचं? खायचं काय, गोदाम? अजून न बांधलेल्या गोदामातलं धान्य?

सांगायला बरं वाटतं की टँकर सुरू झाला. झाला आहे. खुंट्या मात्र जिथल्या तिथं आहेत. लहानसहान दयेनं मोठी चोरी झाकता येते, हे अण्णांनी कधीतरी पत्रकात लिहिलं होतं. तेव्हा मला ते जड वाटलं होतं.

मी काय करणार आहे ते सांगते. टोळी निघायच्या आधी मी वस्तीवर जाते आहे. पत्रे डोक्यावर असताना, दारं चौकटीत असताना, प्रत्येक घरापुढं त्या घरची सगळी माणसं उभी करून फोटो काढणार. लेकरं, जनावरं, चुलीचा धूर, सगळं. एक फोटो घरच्यांकडं, एक गयाबाईकडं. पाहणीला जीप आली की ती तो गठ्ठा घेऊन आपल्या भिंतीपाशी बसेल. फोटोंना पाणी अजीजभाई देणार आहेत, तसं त्यांनी कबूल केलं आहे आणि आता ते छापलंही आहे.

पण ही एक वस्ती झाली. अशा वस्त्या लातुरात आहेत, नांदेडात आहेत, पार तेलंगणाच्या शिवेपर्यंत आहेत, आणि सडकेलगतच्या जागेवर डोळा असलेले साहेबही सगळीकडं आहेत. माझ्याकडं कॅमेरा एकच आहे.

म्हणून ही माझी मागणी. हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा टोळ्या निघायला थोडेच दिवस उरलेले असतील. तुमच्याकडं कॅमेरा असेल तर फराळाचं ताट बाजूला ठेवा आणि आपल्या गावाखालच्या वस्तीवर जा. कॅमेरा नसेल तर बाजारातल्या स्टुडिओवाल्याला घेऊन जा. दिवाळीत तुमच्या घरच्यांचे फोटो तो काढतोच, आणखी थोडे काढेल. पत्रे उतरायच्या आधी प्रत्येक घराचा माणसांसकट फोटो काढा. मागं सगळ्यांची नावं लिहा. तो भरपूर पाण्यात धुवा आणि त्या घरच्यांच्या हातात द्या.

आणि छापताना दिवा वर करू नका. कडेला कुणीतरी बसलेलं असतं.